आंब्वाझच्या चॅपलमधली हाडं नक्की कोणाची?

2025 च्या मे महिन्यात "लिओनार्दो दा विंचीचा डीएनए सापडला" अशा बातम्या फिरल्या आणि लगेच आमच्या ग्रुपवर "आता जीनियसचं जीन मिळणार" सुरू झालं. अहो, तसलं काही नाहीये. सापडलंय ते वेगळंच आणि माझ्या मते जास्त भारी.

आधी जागा समजून घ्या. फ्रान्समधे ल्वार नदीच्या काठी उंचावर आंब्वाझचा राजवाडा आहे. आठवा चार्ल्स राजा तिथेच जन्मला, तिथेच त्याने 1490 च्या दशकात सेंट ह्युबर्टचं छोटंसं चॅपल बांधून घेतलं, आणि 1498 मधे टेनिससारख्या एका खेळाचा सामना बघायला जाताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटून काही तासांत तिथेच गेला, वय फक्त 27. चॅपलच्या दारावर, आपल्याकडे गणेशपट्टी असते त्या जागी, कोरीवकाम आहे: शिंगांमधे क्रूस असलेलं हरीण आणि समोर गुडघे टेकलेला शिकारी ह्युबर्ट.

लिओनार्दोला 1516 मधे पहिल्या फ्रान्स्वा राजाने इथे बोलावलं. 2 मे 1519 ला तो वारला, तेव्हा 67 वर्षांचा होता. त्याला पुरलं मात्र या चॅपलमधे नाही, राजवाड्याच्याच आवारातल्या सेंट फ्लोरेंतीन चर्चमधे, मृत्युपत्रात त्याने तेच लिहिलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते चर्च पडायला आलं आणि पाडून टाकलं, दगडसुद्धा दुसरीकडे वापरले. मग 1863 मधे आर्सेन हूसे नावाच्या लेखकाने तिथे खणलं, तर मोठ्या कवटीचा एक सांगाडा आणि फुटक्या दगडांवर तुटक अक्षरं मिळाली, ती जोडून "लिओनार्दुस विंची" असं वाचता येईल अशी. पुरावा एवढाच! 1874 मधे ती हाडं ह्युबर्टच्या चॅपलमधे आणून ठेवली आणि आज लोक तिथे सेल्फी काढतात.

आता माझा आवडता भाग, वाय क्रोमोझोम. क्रोमोझोम म्हणजे पेशीतले डीएनएचे लांब धागे, आणि वाय हा त्यातला पुरुषांकडेच असणारा. बाकीचे क्रोमोझोम दर पिढीत आईवडिलांचे पत्ते पिसल्यासारखे मिसळतात, म्हणून वीस पिढ्यांनी काही ओळखू येत नाही. वायला मात्र जोडीदारच नसतो, टोकाचे छोटे तुकडे सोडले तर तो कोणाशी अदलाबदल करत नाही, बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो. जवळपास, कारण डीएनएच्या सुमारे 6 कोटी अक्षरांची नक्कल करताना एखाददुसरी चूक होतेच, आणि काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तुकडा सलग बारा-पंधरा वेळा येतो तिथे तेराचे चौदा होतात, हे आकडे जुळवूनच दोन पुरुष एका घराण्यातले का ते कळतं. (लगेच "गोत्रामागचं विज्ञान" म्हणून फॉरवर्ड करू नका प्लीज. गोत्र दत्तक मुलालाही मिळतं, वाय नाही मिळत.)

लिओनार्दोला मूलबाळ नव्हतं, पण बापाला बायका चार आणि पोरं भरपूर. त्यातल्या एका सावत्र भावाची पुरुषवंशावळ संशोधकांनी 2021 मधे आजपर्यंत आणली, तर 14 पुरुष जिवंत निघाले. त्यातल्या सहा जणांच्या वायचे तुकडे एकमेकांशी जुळले, बातमी होती ती ही.

हाडांमधून वाय काढणं मात्र कठीण काम. डीएनएचे बारीक बारीक तुकडे झालेले असतात आणि टोकांना 'सी' हे अक्षर सडून मशीनला 'टी' दिसतं. गंमत म्हणजे हे सडणंच उपयोगी पडतं, कारण काल हात लावलेल्याच्या घामातला डीएनए असा खराब नसतो, म्हणजे खराब तोच जुना! 1863 मधे उघड्या हातांनी कवटी उचलणाऱ्यांचा डीएनए आता अर्धवट जुना झालाय ही वेगळी डोकेदुखी. आईकडूनच येणारा मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचा) डीएनए भरपूर असतो, पण लिओनार्दोची आई कातेरिना, तिच्या माहेरची साखळीच माहीत नाही, मग जुळवणार कोणाशी?

समजा हाडांतला वाय जुळला. त्यातून हा विंची घराण्यातला पुरुष आहे एवढंच ठरेल, पण आंब्वाझला दुसरा कोण विंची मरायला येणार? आणि नाही जुळला तर? एक तर हाडं दुसऱ्याच कोणाची, नाहीतर 1452 मधे लिओनार्दोच्या आजोबांनी वहीत लिहून ठेवलं होतं की मला नातू झाला, माझ्या मुलाचा मुलगा, ते चूक. यातलं नेमकं कुठलं, ते एकटा वाय नाही सांगू शकत.