वायूंचे पाण्यातील विद्रावण

मीठ किंवा साखरेप्रमाणे वायूही पाण्यात विरघळतात, मात्र त्यांची रीत काहीशी उलटी आहे. पाणी तापवले की साखर अधिक विरघळते, तर वायू बाहेर पडू लागतो. ठरावीक तापमानाला विरघळलेल्या वायूचे प्रमाण त्याच्या दाबाच्या समप्रमाणात असते, हा नियम इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला.

या नियमाचा सर्वांत भीषण प्रत्यय कॅमेरूनमधील न्योस सरोवराने दिला. ज्वालामुखीच्या विवरात साचलेले हे सरोवर सुमारे २०० मी. खोल असून त्याच्या तळाशी भूगर्भातून कार्बन डाय-ऑक्साइड झिरपत असतो. तळाशी वातावरणाच्या सुमारे वीसपट दाब असल्याने तो तेथेच विरघळून राहतो आणि वरचे-खालचे पाणी फारसे मिसळत नसल्याने वर्षानुवर्षे साठत जातो. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री हा थर ढवळला गेला. दरड कोसळल्याने की अन्य कारणाने, याबाबत मतभेद आहेत. थोडे पाणी वर सरकताच दाब घटून बुडबुडे सुटले, बुडबुड्यांनी आणखी पाणी वर ओढले आणि सोड्याच्या बाटलीचे बूच उडावे तसे सरोवर फसफसले. हवेहून सुमारे दीडपट जड असलेला वायू दऱ्यांतून उतरत गेला व सुमारे १,७०० माणसे आणि हजारो गुरे गुदमरून मेली. तळाशी विरघळलेले लोह वर येऊन त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाल्याने एरवी निळे दिसणारे पाणी तांबडे झाले होते.

उपायही याच तत्त्वावर योजला गेला. २००१ मध्ये तळापर्यंत एक नळ सोडण्यात आला. सुरुवातीला पंपाने पाणी वर खेचले की पुढे सुटणाऱ्या वायूच्याच जोरावर कारंजे आपोआप चालू राहते. रवांडा व काँगोच्या सीमेवरील किवू सरोवरात कार्बन डाय-ऑक्साइडबरोबर मिथेनही विरघळलेला असून रवांडा तो वेगळा काढून वीज निर्माण करतो.

ऑक्सिजनच्या बाबतीत धोका नेमका उलट, म्हणजे तुटवड्याचा असतो. समुद्रसपाटीच्या दाबाला शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.६ मिग्रॅ. माशांची गरज मात्र उन्हाळ्यात वाढते आणि सांडपाणी कुजवणारे जीवाणूही त्याच साठ्यावर जगतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण शेवाळाचे श्वसन चालूच असते. त्यामुळे ऑक्सिजनची पातळी पहाटे सर्वांत खाली जाते, आणि तळ्यातली मासळी तरंगताना दिसते तीही बहुधा सकाळीच.