पलंगाची जागा कुणी ठरवली? बेडरूमच्या मांडणीमागचा इतिहास

बेडरूम कशी लावावी याचे सल्ले आता ढिगाने मिळतात. पलंग दाराच्या थेट समोर नको, डोकं भिंतीकडे हवं, दोन्ही बाजूंनी चालायला जागा सोडा, खिडकीखाली झोपू नका, दोन सारखी साइड टेबलं ठेवा, आणि हे सगळं अशा थाटात सांगतात की जणू कुणीतरी एकदा बसून नियमावलीच लिहून काढली होती. प्रत्यक्षात यातला एकेक नियम वेगळ्या काळात वेगळ्याच अडचणीतून आलाय, म्हणजे कधी थंडी, कधी किडे, कधी घरातली ये-जा, कधी रोगराईची भीती आणि सगळ्यात शेवटी विजेचा प्लग. दिसायला छान हा मुद्दा फार उशिरा आला. काही अडचणी कधीच संपल्या पण नियम राहिले, त्यामुळे कुठला नियम कशासाठी आला हे माहीत असलं की आपल्या खोलीत कुठला पाळायचा आणि कुठला खुशाल मोडायचा हे ठरवता येतं.

सुरुवात अगदी मागे जाते. दक्षिण आफ्रिकेत बॉर्डर केव्ह नावाची गुहा आहे, तिथे साधारण 2 लाख वर्षांपूर्वीचं गवताचं अंथरूण सापडलं, 2020 मध्ये ते जाहीर झालं, आणि त्या गवताखाली मुद्दाम राखेचा थर होता. राखेतून सरपटणाऱ्या किड्यांना पुढे यायला त्रास होतो. त्याच देशातल्या सिबुडू गुहेत 77 हजार वर्षांपूर्वीची अंथरुणं आहेत, त्यावर किडे पळवणाऱ्या झाडाची पानं पसरलेली, आणि जुनं अंथरूण वेळोवेळी जाळून टाकलेलं. म्हणजे फर्निचर नव्हतं तेव्हाही झोपायची जागा विचार करून तयार होत होती.

ठरलेली मांडणी म्हणावी अशी पहिली गोष्ट मला तरी स्कारा ब्रे इथे दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर ही वस्ती आहे, सुमारे 5 हजार वर्षं जुनी, 1850 च्या वादळात वाळू उडाली आणि घरं उघडी पडली. तिथे लाकडाची टंचाई, म्हणून फर्निचर दगडी, आणि दगडी असल्यामुळेच ते जागेवर टिकलं. घराच्या मधोमध शेकोटी, आत शिरलं की समोर दगडी फडताळ, आणि शेकोटीच्या डाव्या-उजव्या अंगाला दगडी पाट्यांनी केलेले पलंग, ज्यात गवत आणि कातडी घालून झोपत असावेत. एकामागून एक घरात हाच आराखडा. गंमत म्हणजे जुन्या घरांत पलंग भिंतीच्या आत खोबणीत घुसवलेले आहेत आणि नंतरच्या घरांत ते खोलीत पुढे आलेत. पलंग कोनाड्यात टाकावा की मोकळ्या जागेत, हा घोळ तेव्हापासूनचा आहे तर!

इजिप्तमध्ये उलटाच प्रकार, तिथे पलंगाला उशाशी फळी नाही, पायथ्याशी असायची, कारण पलंग पायाकडे थोडा उतरता असायचा आणि डोक्याखाली उशीऐवजी लाकडी किंवा दगडी टेकू. 1922 मध्ये तुतानखामुनची कबर उघडली त्यात घडी घालायचा प्रवासी पलंगसुद्धा निघाला. रोमन घरांतल्या झोपायच्या खोल्या लहान, बऱ्याचदा अंधाऱ्या. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातल्या काही खोल्यांत फरशीच्या मोझेकचा नमुना एका टोकाला बदलतो, जिथे पलंग ठेवायचा तिथे वेगळा नमुना, आणि वर छतही तेवढ्या भागापुरतं वेगळ्या आकाराचं. त्यामुळे पलंग हलवायचा प्रश्नच नाही, फरशी घालणाऱ्यानेच जागा ठरवून टाकलेली.

मग युरोपात मधली काही शतकं अशी गेली की बहुतेकांना झोपायची वेगळी खोलीच नव्हती. मोठ्या हॉलमध्ये घरचे, नोकर, पाहुणे सगळे एकत्र, आणि ज्यांच्याकडे पलंग होता त्यांच्यासाठी तीच घरातली महागडी वस्तू. शेक्सपिअरने 1616 च्या मृत्युपत्रात बायकोला आपला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग दिला यावर लोक अजून वाद घालतात, पण पलंगाचं नाव मृत्युपत्रात येणं तेव्हा अजिबात विचित्र नव्हतं. इंग्लंडमधल्या वेअर गावच्या खाणावळीत 1590 च्या आसपास तीन मीटरहून रुंद पलंग केला गेला, त्यावर चार जोडपी झोपू शकतात अशी त्याची ख्याती, आता तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चार खांब, वर छत आणि चारही बाजूंनी जाड पडदे, हे आज आपल्याला राजेशाही वाटतं पण तेव्हा त्याचं काम सरळ होतं, ऊब धरायची आणि बाकीच्यांच्या नजरेआड व्हायचं. थोडक्यात खोलीच्या आत एक छोटी खोली. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात आणि हॉलंडमध्ये तर पलंग चक्क कपाटात असायचे, रात्री आत शिरून दार लावून घ्यायचं.

आता पडदे कशाला लागायचे याचं दुसरं कारण म्हणजे खोलीतूनच जाणारा रस्ता, आणि माझ्या मते मांडणीच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. जुन्या मोठ्या घरांत पॅसेज नव्हता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून तिसऱ्या खोलीत, सगळी दारं एका रेषेत. त्यामुळे तुम्ही झोपलेले असताना कुणीही तुमच्या खोलीतून ये-जा करणार. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात तर याचाच समारंभ केला होता, राजा चौदाव्या लुईने 1701 मध्ये आपली झोपायची खोली महालाच्या बरोबर मध्यभागी, पूर्वेकडे तोंड करून आणली, पलंगासमोर सोनेरी कठडा, आणि रोज सकाळी राजा उठतो कसा आणि रात्री झोपतो कसा हे बघायला दरबारी हजर. पलंग भिंतीच्या मधोमध, डोकं भिंतीला, दोन्ही बाजू मोकळ्या ही ऐटदार मांडणी अशा दरबारी खोल्यांतून वरच्या वर्गात आणि पुढे हॉटेलांत पसरली. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यावर रॉजर प्रॅट नावाच्या वास्तुरचनाकाराने कोलशिल हाउस बांधलं, त्यात मधून लांबलचक पॅसेज आणि प्रत्येक खोलीला पॅसेजमध्ये उघडणारं दार, म्हणजे नोकरचाकर खोल्यांतून न जाता बाहेरून जातील. हळूहळू ही पद्धत रुळली आणि बेडरूम कुठेही न जाणारी, शेवटची खोली झाली. आज आपण जिला प्रायव्हसी म्हणतो ती भिंतींमुळे आली त्यापेक्षा या पॅसेजमुळे जास्त आली. खोलीला एकच दार झालं की पलंगाला तीन भिंतींचा पर्याय मिळतो, दोन-तीन दारं असली की पर्याय संपतात. जुन्या घरात बेडरूम लावताना जीव मेटाकुटीला येतो त्याचं कारण बहुतेक वेळा दारांची संख्या असते.

पूर्वेकडे वेगळेच मार्ग निघाले. चीनमध्ये मिंग घराण्याच्या काळात (चौदावं ते सतरावं शतक) अख्खी चौकट, छत आणि समोर छोटासा व्हरांडा असलेले पलंग होत होते, त्यात बसायला आणि लहान टेबल ठेवायलाही जागा. उत्तर चीनमध्ये विटांचा ओटा आणि त्याखालून चुलीचा गरम धूर फिरवलेला, दिवसा बसायला आणि रात्री झोपायला तोच. जपानने तर प्रश्नच मोडीत काढला, गादी सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात आणि खोली दिवसभर रिकामी. लहान घरात राहणाऱ्यांनी खरं तर यांच्याकडून जास्त शिकायला हवं होतं, पण जगभर पसरला तो व्हर्सायकडचा पलंग.

एकोणिसाव्या शतकात मांडणीत डॉक्टर आणि नर्सेस घुसल्या. रोग दूषित हवेतून होतात असा तेव्हा समज, आणि शहरं खरोखरच घाण. फ्लोरेन्स नाइटिंगेलने नर्सिंगवरचं जे पुस्तक 1859 च्या शेवटी काढलं त्यात पलंगाबद्दल वेगळं प्रकरण आहे, आणि ते वाचलं की आजचे अर्धे सल्ले तिथलेच वाटतात. पलंगाची एकही बाजू भिंतीला टेकलेली नको म्हणजे नर्सला दोन्ही बाजूंनी पोचता येईल, पलंग खोलीतल्या सगळ्यात उजेडाच्या जागी हवा, पडून खिडकीबाहेरचं दिसलं पाहिजे, पलंग फार उंच नको, लोखंडी हवा, आणि पडदे-झालरी अजिबात नकोत. पडद्यांचे पलंग गेले ते असे. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केल्यावर धूळ आणि कोपरे यांची धास्ती आणखी वाढली, मग पितळी-लोखंडी पलंग, पुसता येतील अशा भिंती, आणि नवरा-बायकोचे दोन वेगळे पलंगसुद्धा आरोग्याच्या नावाखाली सुचवले गेले, पुढे त्याचीच फॅशन झाली. हवेची थिअरी चुकीची ठरली, पण पलंगाभोवती मोकळी जागा असावी हा सल्ला टिकला कारण चादर घालायला आणि झाडायला ती लागतेच.

बाकीच्या फर्निचरची कहाणी छोटी आहे. उशाशी ठेवायचं छोटं बंद कपाट मुळात रात्रीचं लघवीचं भांडं लपवायला होतं, घरात नळ आणि संडास आले आणि त्याच्या डोक्यावर दिवा-पुस्तक बसलं. ड्रेसिंग टेबल खिडकीपाशी असायचं कारण चेहऱ्यावर उजेड पडायला हवा, पुढे बल्ब आला तेव्हा ते कुठल्याही कोपऱ्यात ढकललं गेलं, आणि तिथे तोंडावर सावली पडते म्हणून आपण कुरकुरतो. कपडे आधी पेटीत, मग खणांच्या कपाटात, मग उभ्या वॉर्डरोबमध्ये. सगळं एकसारखं, सेटमध्ये घ्यायची सवय लावली कारखान्यांनी. अमेरिकेतलं ग्रँड रॅपिड्स हे फर्निचरचं मोठं केंद्र, तिथल्या कंपन्यांनी 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात भव्य बेडरूम सेट मांडले आणि नाव कमावलं. पलंग, आरसा, खणांचं कपाट सगळं एकाच लाकडाचं, एकाच नक्षीचं. विकायला सोयीचं होतं ते, पण खोलीच्या मापाशी त्याचा काही संबंध नव्हता आणि आजही सेट घेताना तीच फसगत होते.

माप आणि ये-जा यांचा नीट विचार विसाव्या शतकात झाला. त्याआधी अमेरिकेत कॅथरीन बीचर या लेखिकेने 1869 मध्ये बहिणीबरोबर लिहिलेल्या घरकामाच्या पुस्तकात चाकांवर फिरणारी कपाटवजा आडभिंत सुचवली होती, ती सरकवून एका खोलीच्या दोन करायच्या. मग 1928 मध्ये जर्मनीत अलेक्झांडर क्लाइन या आर्किटेक्टने घराच्या नकाशावर माणसाच्या चालण्याच्या रेषा काढून दाखवल्या, पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट स्वयंपाकाच्या वाटेला कापते का, कुठे वळसा पडतो, कुठे दोघं एकमेकांना आडवे येतात. आता ज्याला फ्लो म्हणतात तो हाच. 1936 मध्ये एर्न्स्ट नॉयफर्टने माणसाच्या शरीराच्या मापावरून फर्निचर आणि भोवतालची जागा यांचं जाडजूड संदर्भ पुस्तक काढलं, आर्किटेक्ट लोक अजून ते उघडतात. ब्रिटनमध्ये घरं केवढी असावीत यावरच्या 1961 च्या पार्कर मॉरिस अहवालाने एक साधी पण मोलाची गोष्ट सांगितली, खोलीचं नुसतं क्षेत्रफळ बघू नका, त्यात कुठलं फर्निचर येणार आणि ते वापरायला किती जागा लागणार ते बघा, नकाशावर फर्निचर काढून दाखवा. फ्लॅटचे नकाशे बघताना हे केलं तर किती मनस्ताप वाचेल!

जागा कमी म्हणून घडीचे पलंगही आले. शिकागोत सारा गुड यांनी 1885 मध्ये मिटला की टेबल होणाऱ्या पलंगाचं पेटंट घेतलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फीने भिंतीत उभा होणारा पलंग काढला जो अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो.

पण दुसऱ्या महायुद्धानंतर गाद्या मोठ्या होत गेल्या आणि सगळी मापं बिघडली. अमेरिकी मापात जुना डबल 54 इंच रुंद, क्वीन 60, किंग 76. दहा फूट रुंद खोली धरा, म्हणजे 120 इंच. डबल मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना 33 इंच राहतात, क्वीनला 30, किंगला 22. त्यात एका बाजूला दोन फूट खोल कपाट आलं की क्वीनच्या दोन्ही बाजूंना 18-18 इंच, म्हणजे आडवं होऊन चालायचं आणि कपाटाचं दार पुरतं उघडणारच नाही. अशा वेळी पलंग एका भिंतीला लावून सगळी मोकळी जागा एकीकडे घेतली तर काय बिघडलं? भिंतीकडे झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागेल एवढंच. नाइटिंगेलबाईंचा नियम आजाऱ्यांसाठी होता. खिडकीखाली झोपू नका हा नियमही एका पातळ काचेतून येणाऱ्या गार झुळकीमुळे होता, खिडकी घट्ट बंद होत असेल तर त्यात फार दम राहिलेला नाही.

दाराचा नियम मात्र मी इतक्या सहज मोडणार नाही. चिनी फेंगशुईत पलंग दाराच्या रेषेत नको पण दार दिसलं पाहिजे असं जुनं सांगणं आहे. 2010 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना खोलीचा नकाशा देऊन फर्निचर मांडायला सांगितलं, तर बहुतेकांनी पलंग दारापासून लांब आणि दार दिसेल असाच ठेवला. संशोधकांचा अंदाज की झोपेत असताना कोण येतंय ते आधी कळावं ही फार जुनी ओढ असावी, पटो न पटो, पाठीमागे दार असलं की अस्वस्थ वाटतं हे कुणालाही करून बघता येईल.

आणि आता सगळ्यात नवा मालक म्हणजे प्लग पॉइंट. उशाशी दिवा आला तेव्हापासूनच वायर पलंगाला भिंतीशी बांधू लागली होती, मोबाइल उशाशी चार्ज व्हायला लागल्यावर ते बंधन पक्कं झालं. घर बांधताना इलेक्ट्रिशियन एका भिंतीवर सहा फुटांच्या अंतराने दोन पॉइंट काढून जातो, त्याने कुणाला विचारलेलं नसतं, आणि पलंग पुढची वीस वर्षं त्या दोन पॉइंटच्या मध्ये राहतो. भिंतीचं प्लास्टर व्हायच्या आधी निदान दोन भिंतींवर पॉइंट मागून घेतले तर पुढे पलंग फिरवून बघता येतो.