रुग्ण वाढले की रेट वाढला?

2 ऑगस्ट 2021 ला महाराष्ट्रातल्या 22 जिल्ह्यांचे कोरोनाचे निर्बंध सैल करायचा आदेश निघाला. सातारा आणि सांगली मात्र निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरातच राहिले. साथीत प्रशासन कसं काम करतंय हे आपण बहुतेक जण ‘आज नवे रुग्ण किती’ यावरून ठरवायचो. पण 7 जूनपासून लागू झालेल्या निर्बंधांच्या पाच स्तरांना (स्तर जितका वरचा, तितके निर्बंध कडक) हा आकडा आधाराला नव्हताच. आधार होता पॉझिटिव्हिटी रेटचा (शंभर तपासण्यांत किती बाधित) आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटांचा. रेट 5 ते 10 टक्के किंवा 40 टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या, तर तिसरा स्तर. रेट 10 ते 20 किंवा खाटा 60 टक्क्यांच्या वर, तर चौथा.

रुग्णसंख्या म्हणजे सापडलेले रुग्ण. गावात असलेले नव्हेत. समजा, वाळवा तालुक्यात एका आठवड्यात 1000 स्वॅब घेतले, 100 बाधित निघाले. पुढच्या आठवड्यात 2000 घेतले, 120 निघाले. आकडा वाढला, पण शंभरात दहा सापडत होते तिथे आता सहाच सापडतायत. उलट तपासण्या निम्म्यावर आणल्या तर आकडा आपोआप उतरतो आणि साथ जागच्या जागीच राहते. यात माणसं जातात.

म्हणून रेट बघायचा. पण तोही फसवतो, आणि कुठे फसवतो हे कळायला त्याचा छेद, म्हणजे एकूण तपासण्यांचा आकडा, उघडून बघावा लागतो. समजा एका दिवसाच्या तपासण्या अशा:

आरटीपीसीआर (प्रयोगशाळेतली तपासणी) 400, बाधित 72, म्हणजे 18 टक्के.
अँटिजेन (जागेवरच होणारी झटपट तपासणी) 1600, बाधित 80, म्हणजे 5 टक्के.

दोन्ही एकत्र केले की 2000 मध्ये 152, म्हणजे 7.6 टक्के. एकत्र रेटने जिल्हा तिसऱ्या स्तरात बसतो, फक्त आरटीपीसीआर धरली तर चौथ्यात. नमुन्यात विषाणू कमी असेल तर अँटिजेनला तो सापडत नाही. म्हणूनच लक्षणं असूनही अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायची असा आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा नियम होता. शिवाय बाजारात दिसेल त्याची अँटिजेन केली की छेद फुगतो, रेट पडतो. 25 जून 2021 ला स्तरासाठी फक्त आरटीपीसीआरचा रेट धरायचा आदेश निघाला, तो योग्यच होता.

आठवड्याचा रेट काढतानाही चूक होते. रविवारी 100 तपासण्यांत 20 बाधित, सोमवारी 900 मध्ये 45. रोजच्या टक्केवारीची सरासरी काढली तर 12.5 येते. खरा रेट 1000 मध्ये 65, म्हणजे 6.5. आधी बेरीज करायची, मग भागायचं.

खाटांचा आकडा खोटा ठरणं अवघड, पण तो उशिरा बोलतो: माणूस बाधित झाल्यावर ऑक्सिजनवर जाईपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात.

तेव्हा जिल्ह्याचं पत्रक हाती आलं की आधी तीन गोष्टी शोधाव्यात: आरटीपीसीआर आणि अँटिजेन वेगवेगळ्या दिल्यात का, एका बाधितामागे संपर्कातले किती जण तपासले, आणि प्रयोगशाळेत किती नमुने पडून आहेत. सोमवारचा स्वॅब गुरुवारी बाधित निघाला आणि गुरुवारच्याच तपासण्यांनी भागला, तर तो रेट ना सोमवारचा असतो ना गुरुवारचा. प्रलंबित नमुन्यांचा रकाना पत्रकात नसेल, तर तोच पहिल्यांदा मागावा.