पार्श्वभूमी : भयपटातली भीती पातळ का झाली?

२०२४ हे वर्ष हिंदीत भुतांचं गेलं. मार्चमध्ये 'शैतान', जूनमध्ये 'मुंज्या', स्वातंत्र्यदिनी 'स्त्री २', दिवाळीत 'भूलभुलैया ३'. चारही चालले. 'स्त्री २' तर त्या वर्षीच्या मूळ हिंदी चित्रपटांत कमाईत सगळ्यांच्या पुढे गेला. तरी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं : मजा आली, पण भीती नाही वाटली. भयपट आता घाबरवतात का, हा जुना वाद त्यातून पुन्हा सुरू झाला. या वादात खापर बहुतेक वेळा प्रेक्षकावर फुटतं. मोबाइलवर सगळं बघून निर्ढावलेला माणूस आता कशाला घाबरणार, असं म्हणून विषय संपवला जातो. हे म्हणणं मला पटत नाही. गेल्या चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त काही बदललं असेल, तर ते हा सिनेमा कुणाकुणाला दाखवून पैसे वसूल करायचे याचं गणित.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार थांबायची गरज नाही. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी?' (१९६४) यांत पांढरी साडी, धुकं आणि दुरून येणारं गाणं असतं, आणि शेवटी सगळ्यामागे हाडामांसाचा माणूस निघतो. 'मधुमती'तली (१९५८) भूत खरंच असल्याची कबुली हा अपवाद. प्रेक्षकाला हुरहुर लागायची, क्वचित अंगावर काटा यायचा. किंचाळी कुणी फोडत नसे.

ती किंचाळी आणली रॅमसे नावाच्या एका कुटुंबाने. वडील फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे, मुलगे सात. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन ही कामं भावाभावांत वाटलेली. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम टाकून जेमतेम पैशांत केला आणि त्यात मेलेला माणूस थडग्यातून उठला. पुढे मुरूडच्या नवाबाचा राजवाडा त्यांच्या चित्रपटांत हवेली म्हणून दिसू लागला. कोकणातल्या त्या दमट भिंतींना वेगळी सजावट लागतच नव्हती.

या घराण्याचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 'पुराना मंदिर' (१९८४). सैतानाचं डोकं धडावेगळं करून पेटीत कोंडलेलं, धड दुसरीकडे पुरलेलं, आणि राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार हा शाप. पेटी उघडणार हे पहिल्या वीस मिनिटांत प्रेक्षकाला कळतं आणि मग तो दीड-दोन तास त्याचीच वाट पाहत बसतो. पण याच चित्रपटात त्या काळच्या एका प्रचंड लोकप्रिय डाकूपटाची आख्खी नक्कल आहे, विनोदी डाकूसकट. तिचा सैतानाशी काडीचा संबंध नाही. विनोद चालू असताना सैतान फिरकत नाही, आणि सैतान आला की विनोदवीर गायब. म्हणजे त्या काळातही मजा होतीच, भरपूर होती, पण तिची जागा वेगळी होती. हसून सैलावलेल्या प्रेक्षकाला पुढच्याच प्रसंगात घाबरवणं सोपं जायचं. ही हातोटी साधी वाटते, पण पुढच्या पिढीला ती तशी जमलेली नाही.

या चित्रपटांना सेन्सॉरकडून 'ए' मिळायचं. कागदोपत्री अठराच्या आतल्यांना प्रवेश बंद. पण जत्रेतल्या तंबूत वय कोण विचारणार? शिवाय भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर कॅसेटी बघायचा काळ सुरू झाला होता. त्या रात्री मोठ्यांच्या पाठीमागे गोधडीत तोंड खुपसून, एक डोळा उघडा ठेवून बघणारी पोरं हाच या सिनेमाचा खरा प्रेक्षकवर्ग होता. 'ए' होतं म्हणून निर्मात्याला हात आखडता घ्यावा लागत नव्हता, आणि 'ए' असूनही तो प्रेक्षकाला मुकत नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे पुढचं समजून घ्यायला लक्षात ठेवायला हवं.

१९९३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. त्याच कुटुंबाची भुताटकी दर आठवड्याला उपग्रह वाहिनीवरून घरात आली. आणि मराठीत 'झपाटलेला' आला. कल्पना परदेशी बाहुल्याची, पण 'ओम फट् स्वाहा' म्हणणारा तात्या विंचू अस्सल इथला. बोलक्या बाहुल्याच्या खेळावर पोट भरणारा भाबडा नायक आणि त्याच्या शरीरावर टपलेला बाहुला एकाच खोलीत असतात, आपण त्याच प्रसंगात हसतो आणि टरकतोही. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी मुलांनी कपाटावरची बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवली असेल. हिंदीत हा मेळ मोठ्या प्रमाणावर रुजायला आणखी पंचवीस वर्षं लागली, हे आपल्याकडे फारसं कुणी नोंदवत नाही.

हिंदीत मधल्या काळात एका दिग्दर्शकाने उलटी वाट धरली. 'रात' (१९९२) आणि 'भूत' (२००३) मध्ये हवेली गेली. 'भूत' तर मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये घडतो, कथेत गाणी नाहीत, विनोदी उपकथानक नाही. रात्री पाणी प्यायला उठलेली बाई आणि शांत हॉल, एवढ्यावर थिएटर गप्प व्हायचं. २००८ मध्ये 'फूंक'च्या वेळी याच दिग्दर्शकाने एकट्याने थिएटरात बसून चित्रपट पूर्ण पाहणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं. जाहिरातबाजीच होती ती. पण चित्रपट भीतीच्या नावावर विकता येतो, हा विश्वास तेव्हा शिल्लक होता.

तो विश्वास ढासळवणारा निर्णय मात्र त्याआधीच होऊन गेला होता, आणि त्याचा भयपटांशी थेट संबंध नव्हता. मुंबईतल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने टीव्हीवर दिसणाऱ्या अश्लीलतेविरुद्ध जनहित याचिका केली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने केबलवर 'ए' प्रमाणपत्राचे चित्रपट दाखवायला मनाई केली. 'यू' (सगळ्यांसाठी) आणि 'यूए' (लहानांनी आईवडिलांच्या सल्ल्याने पाहायचे) तेवढेच दाखवायचे. २००६ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी केबलवाल्यांवर कारवाई केली आणि मुंबईतल्या घरांतून काही काळ चित्रपट वाहिन्या दिसेनाशा झाल्या. त्याच वर्षी केबलच्या नियमांतही बदल होऊन ही अट पक्की झाली.

याचिकेमागची काळजी खोटी नव्हती. दुपारी शाळेतून आलेल्या पोराच्या हाती रिमोट असतो आणि घरात मोठं माणूस नसतं, ही वस्तुस्थिती होती. विरोधकांचं म्हणणं होतं की रात्री उशिराची वेळ ठरवून द्या, सरसकट बंदी कशाला? दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते बहुतेक उघड्या अंगाच्या दृश्यांबद्दल. भुतांची बाजू मांडायला तिथे कुणी नव्हतं. पण 'ए' हे अक्षर नग्नता, हिंसा आणि निव्वळ भय यांत फरक करत नाही. आणि तोवर टीव्हीचे हक्क ही छोट्या-मध्यम चित्रपटाची मोठी वसुली झाली होती. 'ए' म्हणजे ती वसुली गेली, नाहीतर टीव्हीसाठी पुन्हा कापाकापी करून 'यूए' मिळवा. भयपटात कापायचं काय? भीतीचा प्रसंग हळूहळू चढत जातो; त्यातले नेमके शेवटचे क्षण काढले की आधीची चढणही फुकट जाते. रक्तपात कापून मारामारी उभी राहते, दचका कापून भयपट राहत नाही. माझ्या मते हिंदी भयपट सौम्य होण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

त्याच सुमाराला मल्टिप्लेक्स वाढले. तिथे तिकीट महाग, म्हणून आख्खं कुटुंब आलं तरच हिशेब जुळतो. दारावर वयही विचारलं जाऊ लागलं. 'भूलभुलैया' (२००७) आणि दक्षिणेत 'कांचना' (२०११) यांनी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एका रांगेत बसवता येतं हे दाखवून दिलं. हॉरर-कॉमेडी ही लाट अशी आली. प्रेक्षकाची भीती मेली म्हणून ती आलेली नाही.

याचा पुरावा २०१८ मध्ये आहे. ३१ ऑगस्टला 'स्त्री' आला, 'यूए' घेऊन. बरोबर सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला, 'तुंबाड' आला, 'ए' घेऊन. भाषा हिंदी असली तरी 'तुंबाड' आपल्याच मातीतला : नाव एका मराठी कादंबरीतून सुचलेलं, बीज एका मराठी भयकथाकाराच्या गोष्टीत, काळ १९१८ ते १९४७ चा कोकण आणि पुणे. साखळदंडाने बांधलेली म्हातारी, आणि ती उठू नये म्हणून हस्तर या शापित दैत्याचं नाव घेऊन तिला झोपवणारा पोरगा. पुढे तोच पोरगा मोठा होऊन दोरावरून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली टाकतो आणि हस्तर ती खात असताना त्याच्या लंगोटातून नाणी ओरबाडतो. इथे भूत माणसाच्या मागे लागलेलं नाही, माणूसच भुताकडे परत परत जातो. पहिल्या वेळी चित्रपट बेताचाच चालला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लावला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. प्रमाणपत्र तेच होतं, आणि चित्रपट घरबसल्या पाहण्याची सोय सहा वर्षांपूर्वीच झालेली होती. लोक आले ते अंधारात, मोठ्या पडद्यासमोर, अनोळखी माणसांबरोबर घाबरायला.

मराठीने या काळात दोन्ही वाटा चालवल्या. 'लपाछपी'ने (२०१७) उसाच्या फडात लपलेलं घर आणि स्त्रीभ्रूणहत्या एकत्र आणली; त्यात हसायला जागाच नाही. त्याच दिग्दर्शकाने त्यावरून हिंदी 'छोरी' (२०२१) केला, पण तो थिएटरात न येता सरळ ओटीटीवर गेला. 'झोंबिवली'च्या (२०२२) दिग्दर्शकाने हिंदीत 'मुंज्या' केला, तो मात्र थिएटरात आला आणि चालला. निखळ भय घरी आणि गमतीचं भय थिएटरात, अशी ही वाटणी मला अजिबात बरी वाटत नाही. घरी दिवा लावता येतो, आवाज कमी करता येतो, मध्येच फोन घेता येतो.

नियमांची घडी आता पुन्हा बदलली आहे. २०२१ मध्ये ओटीटीसाठी सातच्या, तेराच्या आणि सोळाच्या पुढचे असे वयोगट आले. २०२३ च्या कायदादुरुस्तीने तेच गट थिएटरातल्या 'यूए'साठी आणले. मुलाला न्यायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवायचं, दारावर अडवणूक नाही. म्हणजे सोळाच्या पुढचा 'यूए' हा भयपटवाल्यांना बऱ्याच वर्षांनी मिळालेला मोकळा कोपरा आहे. याच दुरुस्तीत 'ए' चित्रपटाला टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र मागण्याची तरतूदही झाली आहे. थिएटरची प्रत न कापता ठेवायची आणि टीव्हीची वेगळी करायची, हे आता निर्मात्याला चित्रीकरणाच्या आधीच ठरवता येईल.