चुलीपाशी उघडलेले बायबल: मराठी ख्रिस्ती घरांतल्या विश्वासाच्या धड्यांची पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती घरांत कुटुंबप्रार्थनेची रीत साधारण सारखीच असते. जेवणे आटोपली की सगळे खाली बसतात, एखादे गीत होते, मग अध्याय वाचायचा तो आळीपाळीने, प्रत्येकी एक वचन. वाचता न येणारे लेकरू शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) पाठ केलेले सुवर्णवचन म्हणून दाखवते आणि त्यालाही तेवढाच मान मिळतो. त्यानंतर वडील किंवा आई त्या वचनाची गाठ दिवसभरात घडलेल्या एखाद्या गोष्टीशी घालतात: शेजारणीशी झालेली बोलाचाली, उसने देऊन परत न आलेले पैसे, मुलाने दप्तरात दडवलेली गुणपत्रिका. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला उभे राहिले की तिथेही हेच घडते. आजारपण, बदली, नोकरी, पाऊस हे सगळे देवाच्या कामाची खूण म्हणून सांगितले जाते.

ही रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिला इतिहास आहे हेच विसरायला होते. तिच्यात दोन हजार वर्षांचा प्रवाह आहे, आणि महाराष्ट्रात आल्यावर तिला एक वेगळाच अर्थ मिळाला. माझ्या मते त्या अर्थाचे मूळ पहिल्या पिढीच्या मोडलेल्या घरांत आहे.

मुळाशी अर्थातच येशूची शिकवण. पीठ मळताना खमीर मिसळणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, मध्यरात्री भाकरी मागायला आलेला मित्र, घरातून निघून गेलेला धाकटा मुलगा. देवाच्या राज्याविषयी सांगताना त्याने मंदिरातल्या विधींपेक्षा स्वयंपाकघर आणि अंगण जास्त वेळा वापरले. त्याआधीही जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात इस्राएलला सांगितले होते की देवाच्या आज्ञा मुलांना शिकवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. पहिल्या शतकातल्या मंडळ्या भरत त्याही घरांतच. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो तेव्हा तीमथ्याच्या विश्वासाचा उगम दाखवताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. विश्वास दोन बायकांच्या हातून पुढे गेला, हे तिथे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

पुढे अनेक शतके युरोपात पवित्र जीवन म्हणजे मठातले जीवन अशी समजूत घट्ट झाली. ती हलवली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने. 1522 साली विवाहाविषयी लिहिताना त्याने म्हटले की बाप विश्वासाने बाळाची लंगोटी धुतो तेव्हा देव आणि त्याचे दूत आनंदाने हसतात. 1529 साली त्याने छोटी प्रश्नोत्तरावली काढली, तिच्या भागांवर मथळाच असा की हे कुटुंबप्रमुखाने घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे. उपदेश करण्याचे काम वेदीवरून बैठकीच्या खोलीत आले ते असे.

इंग्लंडमधल्या एप्वर्थ गावची सुझाना वेस्ली ही याच वाटेवरची. तिला एकोणीस बाळंतपणे झाली आणि दहा मुले जगली. दर आठवड्याला एकेका मुलासाठी एकेक संध्याकाळ राखून ती त्याच्याशी त्याच्या आत्म्याविषयी बोलत असे. जॉनची पाळी गुरुवारी, चार्ल्सची शनिवारी. 1711-12 च्या हिवाळ्यात पाळक असलेला नवरा लंडनला गेला, तेव्हा रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना आणि नोकरांना ती प्रवचन वाचून दाखवू लागली. शेजारी येऊ लागले आणि पाहता पाहता दोनशेच्या वर माणसे जमू लागली. नवऱ्याकडे तक्रार गेली. तिने ठामपणे उत्तर लिहिले आणि बैठक चालू ठेवली. त्या घरातले जॉन आणि चार्ल्स पुढे मेथडिस्ट चळवळीचे पुढारी झाले. त्यांचे संस्कार त्या गुरुवारांत आणि शनिवारांत शोधावे लागतात.

मराठीत ही परंपरा आली त्याची पहिली मोठी खूण गोव्यात आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले आणि पुढचे बहुतेक आयुष्य तिथल्या साष्टीच्या परिसरात राहिले. त्यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 साली राचोलला छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात. ग्रंथाचा प्रारंभ मला फार महत्त्वाचा वाटतो. रविवारी दुपारी साष्टीतल्या ख्रिस्ती देवळात मुलांना धर्मशिक्षण चालले आहे, तिथे एक नवख्रिस्ती गृहस्थ येऊन पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? हा प्रश्न सिद्धान्ताचा नव्हता. संध्याकाळी घरात काय वाचायचे आणि काय ऐकायचे, हा होता. पुराणे गेली आणि घरातली एक जागा रिकामी पडली. ती भरण्यासाठी स्टीफन्स यांनी आदामापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा ओवीत बांधली. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, पण स्थलांतर करून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी क्रिस्तपुराण सोबत नेले आणि गात ठेवले. 1907 ची छापील आवृत्ती मंगळूरला निघाली ती त्यामुळेच.

दुसरा प्रवाह अमेरिकेच्या ईशान्येकडल्या न्यू इंग्लंडमधून आला. तिथल्या प्युरिटन घरांत सकाळ-संध्याकाळची कौटुंबिक उपासना ही वडिलांची जबाबदारी समजली जाई. त्याच मुलखात 1810 साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन झाली आणि तिचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले. 1831 पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे बनले, 1842 साली तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, छापखाने चालवले, हे सगळीकडे लिहिलेले आहे. त्यांनी घरात बायबल उघडण्याची जी सवय लावली तिच्याविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही. माझ्या मते टिकली ती सवयच.

आणि इथेच ती मोडलेल्या घरांची गोष्ट येते. न्यू इंग्लंडमधल्या माणसाला घर आयते मिळाले होते. प्रार्थना त्यात भर होती. मराठी मुलखातल्या पहिल्या ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्मा घेताना घर सोडावे लागत होते. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागे मिशनमध्ये गेला, तर प्रकरण कोर्टात पोहोचले आणि मुलाला बापाच्या ताब्यात द्यायचा निकाल लागला. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर परत घ्यावे या बाजूने उभे राहिले. एका घरातले दोन भाऊ, आणि त्यांच्या मधोमध सगळे शहर. बेळगावचे बाबा पदमनजी 1854 साली ख्रिस्ती झाले. 1857 च्या ‘यमुनापर्यटन’मध्ये त्यांनी विधवांचे हाल मांडले, 1888 च्या ‘अरुणोदय’मध्ये स्वतःचे आयुष्य. त्यांच्या लिखाणात धर्माची चर्चा भरपूर आहे, पण मला त्यातली आईबापांची, नातेवाइकांची पाने जास्त खरी वाटतात. धर्मांतराचा हिशेब तिथे माणसांच्या नात्यांत मांडला जातो.

ज्याचे घर असे सुटले त्याला नवे घर मुळापासून उभारावे लागले. जेवायला कुणी कुणाशेजारी बसायचे, पाणी कुणाच्या हातचे प्यायचे, मुलाचे नाव काय ठेवायचे, सणाला काय रांधायचे, यांतल्या कशालाही तयार उत्तर नव्हते. म्हणून रोजची प्रत्येक बारीक गोष्ट विश्वासाचा प्रश्न होऊन बसली. आपल्याकडे घरगुती प्रसंगातून धडा काढण्याला जे वजन आले, ते या गरजेतून.

लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यात हे सगळे एका जागी दिसते. 1868 साली त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची सोय नाही. वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. 1893 मध्ये टिळक आगगाडीने राजनांदगावकडे चालले असताना डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही बातमी वज्राघातासारखी होती. पुढे काही वर्षे त्या मुलाला घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या, आप्तांकडे राहिल्या.

पुढे त्या टिळकांकडे आल्या त्याही स्वतःची चूल आणि स्वतःचे पाणी सांभाळूनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’त त्या आपल्या मनाचे वळण सांगतात तेव्हा कुठल्या प्रवचनाचा हवाला देत नाहीत. त्यांनी आपल्याच मनाशी विचार केला की देवाने जाती केल्या असत्या तर माणसांच्या घडणीत तसा भेद ठेवला असता, जसा जनावरांत ठेवला आहे. तो तर कुठे दिसत नाही. म्हणजे हे माणसाचेच काम. मग ठरले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ईश्वरशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ ज्या ठिकाणी वाचकाला नेऊ पाहतात, तिथे ही बाई हंडा आणि ताट यांच्या वाटेने पोहोचली.

‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई 1936 मध्येच गेल्या. हे पुस्तक भक्तिपर साहित्य म्हणून कुणी वाचत नाही, मराठीतले अव्वल आत्मचरित्र म्हणून वाचतात. मला मात्र त्यात विश्वासाच्या धड्याचा सगळ्यात चांगला नमुना दिसतो. नवऱ्याचा तापट स्वभाव, हातात न टिकणारे पैसे, दारात येईल त्याला घरात घेण्याची त्यांची खोड, अनाथ मुलांनी भरलेले घर, प्लेगच्या दिवसांतली सेवा, हे सगळे त्या जसे झाले तसे सांगतात. प्रसंग पुरता सांगून होतो. शिकवण त्याच्या पोटात राहते. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचे काव्य पुरे करण्याचे मोठे कामही त्यांनीच अंगावर घेतले, आणि हे मराठी अक्षरांशी उशिरा ओळख झालेल्या बाईने केले.

टिळकांची गीते आजही उपासनेत आणि कुटुंबप्रार्थनेत गायली जातात, कारण त्यांनी ख्रिस्ताला अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर घरात आणले. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे जागा होती. मोडलेल्या घरांतले दोन्हीकडचे लोक एका ठिकाणी बसावेत ही त्यांची ओढ त्यामागे होती, असे मला वाटते.

केडगावला पंडिता रमाबाईंनी हेच वेगळ्या मार्गाने केले. 1896-97 च्या दुष्काळात शेकडो मुली मुक्ती सदनात आल्या. त्यांना घर नव्हतेच, म्हणून सदनालाच घर व्हावे लागले: स्वयंपाक, शेती, विणकाम, शाळा, छापखाना आणि प्रार्थना एकाच आवारात. अल्पशिक्षित बाईलाही समजावे म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि छपाईचे काम तिथल्याच मुलींनी केले. 1922 साली रमाबाई गेल्या. ते बायबल 1924 मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले.

वसई पट्ट्यातल्या कॅथलिक घरांची वाट निराळी. तिथे संध्याकाळची रोझरी आणि क्रुसापुढची प्रार्थना यांनी घर बांधून ठेवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) मराठीत आली, मग घरातली भाषा आणि देवळातली भाषा एक झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आणि ‘सुवार्ता’ मासिकातले त्यांचे दीर्घ संपादन याच काळाचे फळ. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

आज मोबाइलवर फिरते ते ‘एक वचन, एक प्रसंग, एक प्रार्थना’ हे आटोपशीर रूप मात्र विसाव्या शतकातले आहे. 1935 साली अमेरिकेत ‘द अपर रूम’ हे दैनिक मननाचे नियतकालिक सुरू झाले, कुटुंबांना रोजच्या उपासनेसाठी काहीतरी हाताशी हवे म्हणून. पुढे अशी बरीच प्रकाशने आली आणि भाषांतरित होऊन मराठीतही पोहोचली. त्यांचा उपयोग आहे, पण त्यांतले बर्फ उपसणारे बाबा आणि गॅरेजमधली गाडी आपल्या घरात परकी वाटतात. दिवसाकाठी एक प्रसंग आणि त्याला एक तात्पर्य, या घाईत प्रसंगच पातळ होतो.

आणखी एक उणीव जास्त बोचते. वर आलेली बहुतेक मराठी नावे ब्राह्मण घरांतून आलेल्यांची किंवा शिकलेल्यांची आहेत. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र नगर, जालना, सोलापूरकडच्या गावांतल्या महार आणि मांग वस्त्यांतून आला. त्यांना घर सोडावे लागले नाही. पुष्कळदा सगळे कुटुंब, सगळी वस्तीच एकत्र ख्रिस्ती झाली. पण विहिरीवरचा अपमान, बलुते बंद होणे आणि दुष्काळ त्यांनी सोसला, आणि त्यातूनच विश्वासाचे धडे काढले. वाड्या-वस्त्यांवर पायी हिंडून बायबल सांगणाऱ्या ‘बायबल स्त्रियांनी’ ते घरोघर सांगितले, कीर्तनांतून गाइले. सुगीच्या उपासनेत ज्वारीची पेंढी, कोंबडी, अंडी, भाजीची जुडी अर्पणाला येते आणि उपासना संपल्यावर तिचा लिलाव होतो, तेव्हा कुणाच्या शेतात यंदा काय झाले आणि काय गेले हे सगळ्या मंडळीला कळते, तेही साक्षच. या स्त्रियांचे ‘स्मृतिचित्रे’ लिहिले गेले नाही. त्यांच्या नाती-पणती आज मंडळ्यांत आहेत, आजीने सांगितलेले त्यांना पाठ आहे, आणि रविवारच्या साक्षीत ते अधूनमधून ऐकूही येते. मंडळीच्या कार्यवृत्तात मात्र त्याची नोंद ‘दोन भगिनींनी साक्ष दिली’ एवढीच राहते. ती साक्ष शब्दशः, त्यांच्याच बोलीत उतरवून घेण्याचे काम कुठल्याही मंडळीला पुढच्या रविवारी सुरू करता येईल.