पार्श्वभूमी : 'संहिताबद्ध' ज्ञान म्हणजे नेमकं कुणाचं?

झाडपाल्याची माहिती मागेल त्याला द्यावी की राखून ठेवावी, हा वाद आपल्याकडे पेटला तो हळदीमुळे. त्याआधीही माहिती बाहेर जात होतीच. १६७८ पासून मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले, ते स्थानिक वैद्यांनी सांगितलेल्या माहितीवरच. हक्काची भाषा मात्र नंतर आली.

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या वापराला पेटंट मिळालं. घरोघरी कापल्यावर हळद दाबतात, एवढं सांगून भागणार नव्हतं. छापील पुरावा हवा होता. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख असे बरेच कागद पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. लिहिलेलं टिकतं, हा धडा आपण जरा जास्तच मनावर घेतला. २००१ पासून ग्रंथांतले योग, म्हणजे औषधांच्या कृती, पाच परदेशी भाषांत उतरवण्याचं काम सुरू झालं. गंमत अशी, की तो साठा गुप्ततेच्या करारावर पेटंट तपासनिसांना उघडला. इथल्या वाचकाच्या वाट्याला नमुन्यापुरत्या नोंदी आल्या.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने वनस्पती आणि त्यांचं ज्ञान वापरून होणाऱ्या लाभाचा वाटा ज्ञान सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचवायचं ठरवलं. २०१४ च्या नियमांत त्याचा एक दर विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के होता. देशी कंपन्यांनाही तो लागू आहे, असं २०१८ मध्ये एका उच्च न्यायालयाने सांगितलं आणि उद्योगात खळबळ उडाली.

मग २०२३ ची दुरुस्ती आली. 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' वापरणाऱ्याला वाट्यातून सूट. संहिताबद्ध म्हणजे औषधविषयक कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांतलं. वाचायला सरळ वाटतं. आता गुळवेल घ्या. ग्रंथात ती गुडूची म्हणून आहे, गुणधर्मांसकट. पण कडुनिंबावर चढलेली वेल निवडणं, अंगठ्याएवढं जाड खोड बघणं, पुन्हा फुटेल अशा बेताने कापणं आणि मुख्य म्हणजे खोडावर ठळक गाठी असलेल्या दुसऱ्या जातीशी तिची गल्लत न करणं, हे रानात फिरणाऱ्याच्या हातात असतं. मग बाजारात आलेली गुळवेल पोथीतली की रानातली? वैद्य, उत्पादक म्हणतात, हजार वर्षं छापील-लिखित असलेल्यावर वाटा कसला? मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पोथी कुणाला विचारून लिहिली गेली, हा प्रश्न त्यात येतच नाही.

दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तोंडी ज्ञान गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवायचं असतं, पण ती वही अनुसूचीत नाही. मी पाहिलेल्या एका वहीत गुळवेलीपुढे 'तापावर' एवढा एकच शब्द होता.