इंजिन न खोलता: वापरलेल्या ऑइलच्या तपासणीची पार्श्वभूमी

इंजिन ऑइल कधी बदलायचं, हे ठरवायचे आपल्याकडे वर्षानुवर्षं दोनच मार्ग होते: किलोमीटरचा आकडा आणि फिटरची दोन बोटं. ऑइलची पातळी बघायची पट्टी काढायची, थेंब बोटांत चोळायचा, काळाकुट्ट दिसला की "ऑइल गेलं" म्हणायचं. पण डिझेल इंजिनात नवंकोरं ऑइलसुद्धा थोड्याच वेळात काळं पडतं. काजळी धरून ठेवायची आणि तिचा गाळ साचू द्यायचा नाही, यासाठीच ऑइलमध्ये रसायनं घातलेली असतात. काळेपणावरून ती आपलं काम करताहेत एवढंच कळतं; आणखी किती दिवस करतील, हे कळत नाही.

ते कळावं म्हणून ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अहवाल चांगला असेल तर ऑइल पुढे चालवायचं, ही पद्धत आता ट्रकमालकांच्या बोलण्यात येऊ लागली आहे. तिच्या जन्माशी मात्र ऑइल वाचवण्याचा संबंध नव्हता. ऑइल किती उरलंय हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न होता इंजिनाला काय झालंय.

ही गोष्ट 1946 ची, अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न या रेल्वेची. कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वताच्या चढणींवर मालगाड्या ओढणाऱ्या या कंपनीने युद्धकाळात वाफेच्या इंजिनांच्या जोडीला डिझेल इंजिनं आणली होती. वाफेच्या इंजिनातला बिघाड बऱ्याचदा डोळ्यांना दिसायचा, कानाला ऐकू यायचा. डिझेल इंजिनातलं बेअरिंग आतल्या आत झिजत राहायचं आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, जाम झाल्यावरच कळायचं. कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातलं, ऑइल वर्णपटमापकाखाली घातलं. प्रत्येक धातू तापला की आपापल्या ठरावीक रंगरेषांचा प्रकाश देतो, हे बुन्सेन आणि किर्शहॉफ यांनी हायडेलबर्गमध्ये 1860 च्या सुमारासच दाखवलं होतं. खनिजं ओळखायचं ते तंत्र इथे इंजिनाच्या दुखण्याला लावलं गेलं. लोखंड वाढलं तर लायनर, क्रँक, कॅम यांच्याकडे बघायचं. क्रोमियम वाढलं तर रिंगा. ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टन. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग आणि बुश. सिलिकॉन दिसलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय आणि सोडियम किंवा बोरॉन दिसलं तर रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरतंय.

इंजिन न खोलता त्यातला कुठला भाग झिजतोय हे सांगता येणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे आज लक्षात येत नाही. ईएमडी कंपनीच्या रेल्वे इंजिनांत पिस्टन पिनच्या बेअरिंगला चांदीचा थर असायचा. ऑइलमध्ये चांदीचा नुसता मागमूस लागला तरी इंजिन थांबवायचं, असा दंडक पडला. मोटारींच्या ऑइलमध्ये झीज रोखायला जस्ताचं जे संयुग घालतात ते चांदीला खातं, म्हणून या इंजिनांसाठी जस्त नसलेलं वेगळं ऑइल बनवावं लागलं.

साधारण त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी आणखी धाडसी वाट काढली. पिस्टन रिंगा अणुभट्टीत ठेवून किरणोत्सारी करायच्या, इंजिनात बसवायच्या आणि ऑइलमधला किरणोत्सार मोजत राहायचं. झीज अक्षरशः मिनिटागणिक मोजता आली. अर्थात रोजच्या गाडीसाठी हे शक्य नव्हतं. ते प्रयोगशाळेतच राहिलं.

1955 च्या सुमारास अमेरिकी नौदलाने ही पद्धत विमानांसाठी उचलली. रुळावर इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. हवेत बंद पडलं तर काय होतं, हे सांगायला नको. मग भूदल आणि हवाईदलही त्यात आलं आणि 1970 च्या दशकात तिन्ही दलांचा एकत्र कार्यक्रम उभा राहिला. सैन्याच्या मागणीमुळेच यंत्र सुटसुटीत झालं: छोट्या वाटीतल्या ऑइलमध्ये ग्राफाइटची चकती फिरते, चकतीवर ऑइलचा पातळ थर चढतो, वरच्या ग्राफाइटच्या टोकाशी ठिणगी पडते आणि त्या उजेडातून डझनाहून अधिक मूलद्रव्यं काही सेकंदांत मोजली जातात.

आपल्याकडे ही विद्या रुळांवरूनच आली. भारतीय रेल्वेत 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या अल्को कंपनीची डिझेल इंजिनं धावू लागली. त्यांच्या चेंबरमध्ये शेकड्यांनी लिटर ऑइल मावतं, त्यामुळे ठरलेल्या तारखेला सगळं ओतून टाकणं परवडणारं नव्हतं. डिझेल शेडमध्ये प्रयोगशाळा असणं आणि तिथल्या ऑइलच्या अहवालावर इंजिन रोखलं जाणं हा कामाचा नेहमीचा भाग झाला. रस्त्यावरच्या वाहनांपर्यंत मात्र ती शिस्त पोचायला फार वर्षं लागली.

या तपासणीची एक मोठी मर्यादा आहे आणि ती विसरणाऱ्यांचं नुकसान होतं. ठिणगीच्या यंत्राला साधारण पाच ते दहा मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण नीट दिसतात. बेअरिंगचे मोठे तुकडे उडत असतील तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो. यावर उपाय म्हणून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्नन वेस्टकॉट यांनी फेरोग्राफी आणली: ऑइल चुंबकावरच्या तिरप्या काचेवरून वाहू द्यायचं, लोखंडी कण लहान-मोठेपणाप्रमाणे काचेवर चिकटतात, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. कणाच्या रूपावरून झीज साध्या घासण्याची आहे की कापल्याची, की पृष्ठभाग थकून पापुद्रे सुटताहेत, हे कळतं.

आता प्रश्न कसा पालटला ते बघू. अमेरिकेत 3,000 मैलांना ऑइल बदलायचा रिवाज पक्का होता. 1972 मध्ये ॲमसॉइलने आणि थोड्याच वर्षांत मोबिलने सिंथेटिक ऑइल मोटारींसाठी बाजारात आणलं आणि 25,000 मैलांची भाषा सुरू झाली. एवढ्या दाव्यावर विश्वास कोण ठेवणार? तेव्हा झीज शोधायला जन्मलेली तपासणीच ऑइलची साक्षीदार झाली. 1996 मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या एका मासिकाने न्यूयॉर्कच्या 75 टॅक्सी प्रत्येकी 60,000 मैल चालवून पाहिल्या. 3,000 ऐवजी 6,000 मैलांना ऑइल बदललेल्या इंजिनांत लक्षात घेण्याजोगी जास्त झीज सापडली नाही.

लांब पल्ल्याचा अहवाल वाचताना गोंधळ होतो तो आकड्यांचा. समजा 10,000 किलोमीटरला लोखंड दशलक्ष भागांत 30 भाग आलं आणि 40,000 ला 80. मालक घाबरतो. पण हजार किलोमीटरमागे हिशेब केला तर पहिल्यांदा 3 भाग आणि दुसऱ्यांदा 2 भाग, म्हणजे झिजेचा वेग उलट कमी झाला. शिवाय 15 लिटरच्या चेंबरमध्ये 80 भाग लोखंड म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. मध्येच पाच लिटर टॉप-अप केलं असेल तर आकडा पातळ होतो आणि खोटं समाधान मिळतं. म्हणून माझ्या मते, टॉप-अपची नोंद नसलेला अहवाल जवळजवळ निरुपयोगी आहे. नमुना इंजिन गरम असताना, बंद केल्यावर लगेच घ्यायचा. चेंबरच्या तळाच्या नटातून काढायचा तर पहिली धार जाऊ द्यायची. तळाचा गाळ बाटलीत आला की सगळे आकडे फसवे.

ऑइलचं आयुष्य ठरवणारी दुसरी मोजणी टीबीएनची, म्हणजे आम्ल मारायची ऑइलमधली शिल्लक ताकद. डिझेलमधलं गंधक जळून आम्ल होतं आणि ही ताकद खात जातं. आपल्याकडच्या भारत स्टेज (बीएस) या प्रदूषणाच्या निकषांत बीएस-2 डिझेलमध्ये दशलक्ष भागांत 500 भाग गंधक चालायचं, बीएस-3 मध्ये 350, बीएस-4 मध्ये 50. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 आलं, त्यात फक्त 10. ट्रक कंपन्या आज ऑइल बदलायचं अंतर इतकं लांब देऊ शकतात त्यात सिंथेटिक ऑइलबरोबरच या गंधक काढलेल्या डिझेलचाही वाटा आहे. ते श्रेय रिफायनऱ्यांना कुणी देत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

याची दुसरी बाजूही आहे. धुराच्या फिल्टरमध्ये राख साचू नये म्हणून नव्या ऑइलमधल्या राख करणाऱ्या रसायनांवर मर्यादा आली आणि त्यामुळे सुरुवातीचा टीबीएनच कमी झाला. टीबीएन निम्म्यावर आला की ऑइल काढा, हा जुना ठोकताळा या ऑइलला जसाच्या तसा लावता येत नाही. आता टीबीएनसोबत ऑइलमध्ये साठलेलं आम्लही मोजतात आणि घसरणारा टीबीएन चढत्या आम्लाच्या आकड्याला येऊन भिडायच्या आत ऑइल काढतात. त्यासाठी ड्रममधल्या कोऱ्या ऑइलचा नमुना आधी तपासलेला असावा लागतो, नाहीतर कितीवरून किती घसरलं हे सांगणार कसं? लांब पल्ल्याचा विचार करणाऱ्याने पहिली बाटली भरायची ती त्या ड्रममधूनच.